कांडीमास्तर आणि आमचं गणगोत

कांडीमास्तर माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पाय, मग गुडघे, मग छाती, मग दात. एवढं सगळं पसंत पडलं तर वर बघून "जयभीम आबा" म्हणायचा. पसंत नाही पडलं तरी म्हणायचा, पण जरा वाईट वाटल्यासारखा.

पहिल्यांदा आमच्याकडं आला तेव्हा मी गोठ्यात वाकून शेण काढत होतो. हा माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि माझे पाय बघत राहिला. मी वळून विचारलं, काय पाहिजे. तर म्हणला, "उजवा पाय बाहीर टाकता तुम्ही. वडलांचाबी असाच व्हता का?"

वडिलांचा होता. आजोबांचाही होता. आमच्या घरात सगळेच उजवा पाय बाहेर टाकून चालतात. पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं हिंडून पाय तसा झाला, असं आम्ही समजत होतो.

"हिंडून न्हाई होत, आबा. ते रक्तात हाय. काळजी करू नका, पुढच्या पिढीत काढून टाकू."

माझा पाय होता तो. मी कुठं काढायला दिला होता?

त्याचं खरं नाव यशवंत भालेराव. पण ते नाव फक्त त्याच्या पगाराला माहीत होतं. आमच्या वडगावात आणि भीमेच्या काठानं पाच-सात गावांत त्याला सगळे कांडीमास्तर म्हणायचे. दूध संघाचा माणूस, गाई फळवायचं काम. आमच्या लहानपणी गाय माजावर आली की तिला दोरीनं धरून वळूकडं न्यायची. मास्तराच्या काळात वळू कुठंतरी लांब, शेडमध्ये पंख्याखाली उभा असायचा. त्याचं बी पेनातल्या रिफिलीएवढ्या कांडीत भरून, नायट्रोजनच्या डब्यात गोठवून, मास्तराच्या एम-एटी गाडीवर बसून गावात यायचं. वळूला गाय माहीत नाही, गाईला वळू माहीत नाही. दोघांना ओळखणारा एकटा मास्तर.

डब्याचं झाकण उघडलं की आतून पांढरा धूर यायचा आणि जमिनीवर उतरून लोळायचा. शेजारच्या म्हातारीनं पहिल्या दिवशी त्या धुराला हात जोडले. पोरं बर्फाचा गोळा मागायची. मी एकदा म्हणलं, मास्तर, माझा चहा फार गरम आहे, तेवढा यात धरा. तर त्यानं शेवंतीचं एक फूल चिमट्यात धरून डब्यात बुडवलं आणि बाहेर काढून दगडावर टाकलं. फुलाचा काचेसारखा चुरा झाला. "आता च्या द्या," म्हणला. मी चहा फुंकून प्यालो.

त्याच्याकडं एक जाड रजिस्टर होतं. गाईचं नाव, मालकाचं नाव, गाईची आई कोण, बाप वळू कितव्या नंबरचा, कांडी कोणत्या तारखेला दिली. बाकीचे कांडीवाले हे लिहीत नसत, हा एकही ओळ सोडत नसे. पाटलांच्या गोठ्यातली कालवड बघून मला म्हणायचा, "ही तुमच्या तांबडीची सावत्र बहीण." मग दोघींना पाणवठ्यावर समोरासमोर उभं करायचा. गाई एकमेकींकडं बघायच्याही नाहीत, मास्तराला मात्र घरचं कार्य असल्यासारखा आनंद व्हायचा. बापाची कांडी लेकीला लागता कामा नये, एवढ्यासाठी ही सगळी लिखापढी. त्या एका गोष्टीवर तो संघाच्या साहेबाशीही भांडला होता.

आता गाईंचं ठीक आहे. पण मास्तर गाईंवर थांबला नाही, तिथं सगळा घोळ झाला.

हे दोन हजार सालाच्या आगंमागं. विलायतेत मेंढीवरून हुबेहूब मेंढी केली, हे आम्हाला मास्तराकडूनच कळलं. आम्ही जातीचे मेंढरंवाले. आमच्यातल्या जाणत्यांनी विचारलं, त्या मेंढीला लोकर किती, आणि दोघी एकसारख्या तर मालकानं खूण कशी ओळखायची? मास्तरानं गाडीला किक मारली. मग एक दिवस पेपर घेऊन आला. म्हणला, "आबा, माणसाचं पुस्तक वाचून काढलं शास्त्रज्ञांनी."

"कसलं पुस्तक?"

"माणूस कसा तयार करायचा त्याचं. सगळी अक्षरं सापडली."

"कुठं छापलंय?"

"तुमच्या अंगात. कणाकणात एकेक प्रत हाय."

"मी तिसरी शिकलेला. माझ्या अंगात कशाला ठेवलं देवानं?"

"देवानं न्हाई ठेवलं. पिढी मागच्या पिढीचं बघून उतरवून घेती. शाळेत पोरं शेजाऱ्याचं बघून लिवत्यात, तसं. मग चुकाबी तशाच उतरत्यात. आता त्या खोडायची सोय व्हनार."

पुढचा माणूस कसा असेल हे तो पारावर बसून सांगायचा. पुढच्या माणसाला अक्कलदाढ नसेल. अंगावर केस नसतील. पोटात ते आंत्राचं शेपूट असतं, ज्याचं ऑपरेशन करावं लागतं, ते नसेल. पोर होण्याआधीच आईबापांना डॉक्टर विचारील, उंची किती ठेवू, डोळे कसे ठेवू. "आन् करंगळी जाणार," म्हणला.

पारावर सगळे आपापली करंगळी बघायला लागले. मग कुणीतरी विचारलं, "आन् पोरांनी शाळेत लघवीला कसं इचारायचं?"

"पायाची करंगळी, पायाची," मास्तर ओरडला. पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर महिनाभर पोरं त्याची गाडी दिसली की पाय वर करून दाखवायची.

त्याचं सगळ्यात आवडतं म्हणणं, पुढचा माणूस हायब्रीड असणार. लांबलांबचं रक्त एकत्र आलं की वाण सुधारतं, हे त्याला गाईंत दिसलं होतं. पण आमच्याकडं हायब्रीड हा शब्द वेगळा चालतो. हायब्रीड ज्वारीला चव नाही, हायब्रीड टोमॅटोला वास नाही, आणि ते खाऊन वाढलेलं आजचं पोरगं म्हणजे पोतं उचलताना बसकण मारणारं. सरपंचांच्या नातवाच्या बारशाला मास्तर गेला. सूनबाई कोकणातली, मुलगा इथला. मास्तरानं पाळण्यात वाकून पाय बघितले, छाती बघितली, आणि सगळ्या बायकांसमोर कौतुकानं म्हणला, "काय झकास हायब्रीड निघालंय पोरगं."

सरपंचांचा धाकटा भाऊ त्याला मारायला धावला. मी मध्ये पडलो. मास्तर माझ्या पाठीमागून सांगत होता, "आवं, चांगलं म्हणतोय, चांगलं." घुगऱ्या न खाताच त्याला गावाबाहेर पोचवावं लागलं.

एकदा भावकीतल्या एका पोरासाठी मुलगी बघायला त्याला बरोबर नेला होता, म्हणजे नेला नव्हता, तो आला होता. पोहे आले, मुलगी आली, खाली बसली. वय विचारायचं म्हणून मास्तरानं सवयीनं, गाईचं दातांवरून विचारतो तसं, मुलीच्या बापाला विचारलं, "किती दाती हाय?" ती सोयरीक तिथंच मोडली. मुलगी मात्र पदराआड हसत होती, हे मी बघितलं.

असा माणूस. पण पाच वाजले की थांबायचा नाही. वाक्य अर्धं असलं तरी डबा बांधायचा, गाडीला किक मारायचा आणि शिरूरच्या वाटेला लागायचा. शिरूरला भाड्याच्या घरात राहायचा, घरी कुणाला बोलवत नसे. लोक म्हणायचे बायकोला भितो. मीही म्हणायचो.

आमच्या मुलाचं, किसनचं, लग्न निघालं त्याच्या दीड वर्ष आधी माझी बायको हिरा गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. त्यावर जास्त लिहीत नाही. घरात भाकरी करपायची, कारण ती मी करायचो. जाण्याआधी तिनं माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. तिचा भाऊ नामदेव नदीपलीकडं, दौंड तालुक्यात राहतो. त्याची मुलगी रंजना आमच्या किसनला करायची. मामाची मुलगी, आमच्यात पहिला हक्कच असतो. मी हो म्हणलो. तिनं डोळे मिटले, ते त्याच दिवशी नाही, पण त्यानंतर तिनं काही मागितलं नाही.

किसन सणसवाडीला कंपनीत होता, कायम झाला होता. सुपारी फोडायचं ठरलं. नेमकी त्याच दिवशी तांबडी माजावर आली, म्हणून मास्तर आला. मी आनंदात होतो, म्हणून त्याला सांगितलं.

त्यानं हातातली कांडी परत डब्यात टाकली. रजिस्टर उघडलं. मागचं कोरं पान काढलं.

"आई?"

"मास्तर, गाय तिकडं हाय."

"तुमची आई. नाव सांगा."

मी गंमत म्हणून सांगत गेलो. त्यानं पानावर रकाने पाडले, गाईंचे पाडतो तसेच. चौथ्या रकान्यात त्यानं माझ्या बापाचं नाव लिहिलं, धोंडिबा. रकान्याच्या डोक्यावर त्यानं सवयीनं लिहिलं होतं, वळू क्रमांक. मी तिसरीच शिकलो, पण वळू हा शब्द मला वाचता येतो.

मग निघालं असं. हिरा माझ्या तुकामामाची मुलगी. म्हणजे मीही मामाचीच केली. त्याच मांडवात माझी बहीण येसू नामदेवाला दिली. साटंलोटं. एक मुलगी नदीअलीकडं आली, एक पलीकडं गेली, खर्च निम्म्यात झाला, सगळे खूश. मास्तराची पेन्सिल नदी ओलांडून जायची आणि लगेच माघारी यायची. शेवटी त्यानं बोटं मोजली.

"किसनचे आजी-आजोबा किती?"

"चार."

"रंजनाचे?"

"चार."

"आठ झाले. नावं सांगा."

मी नावं सांगितली. चारच निघाली. पुन्हा सांगितली. तरी चारच. आणि त्या चारांतही माझी आई आणि तुकामामा एका आईची.

"आठाच्या जागी चार," मास्तर म्हणला. "आबा, ह्ये झाड न्हाई. ह्ये वावटळीत सापडलेलं धोतर हाय. कुठलं टोक कुठलं, कळंना."

इथवर मी हसत होतो. मग त्यानं पेन्सिलीला थुंकी लावली आणि खाली बघूनच, गाईचं विचारावं तसं विचारलं, "गेलेली किती?"

मी उठून तांबडीला वैरण टाकली.

"लहानपणी गेलेली, आबा. तुमची किती, येसूबाईंची किती?"

आमची दोन गेली. मुलगी आठ दिवसांची होती, नाव ठेवायचं राहिलं होतं. मारुती दीड वर्षाचा झाला, पण त्यानं मान धरली नाही. हिरानं सोळा सोमवार केले, देवऋषी केला. त्याची कुंची ती ट्रंकेत ठेवायची आणि उन्हाळ्यात एकदा बाहेर काढून ऊन द्यायची. ती दोन नावं, म्हणजे एकच नाव, आम्ही दोघं एकमेकांसमोर घेत नव्हतो. आणि हा त्याचा रकाना पाडून बसला होता.

मी म्हणलं, "मास्तर, तुमचा डबा उचला आन् चालायला लागा. माझं घर गोठा न्हाई."

तो उठला. डबा गाडीला बांधून निघून गेला. तेव्हा तीनच वाजले होते. तांबडी दोन दिवस हंबरत होती. तिचा काय दोष होता?

आठ दिवसांनी नामदेव मोटरसायकलवर आला. रागानं त्याला नीट बसताही येत नव्हतं.

"दाजी, त्यो तुमचा डबेवाला आमच्याकडं आला व्हता. येसूला इचारतोय, गेलेली किती."

"मग?"

"मग काय, म्या कुत्रं सोडलं त्याच्या अंगावर."

"चावलं का?"

"कुठलं चावतंय. ह्यो खाली बसून कुत्र्याचे पाय बघाय लागला. म्हणला, छाती चांगली हाय, वाण राखा. कुत्रं त्याचा हात चाटीत बसलं. आन् तुमची बहीण, तिनं त्याला च्या करून दिला." मग जरा थांबून म्हणला, "माझ्या बहिणीला शब्द दिलाय तुम्ही. पंधरा दिसांत लगीन उरकू. पत्रिका छापाय टाका."

मी पत्रिकेचा मजकूर लिहून घेतला आणि एसटीनं शिरूरला गेलो. मनात दोन कामं होती. पत्रिका छापायला टाकायची आणि मास्तराच्या दारात उभं राहून त्याला असं बोलायचं, की पुन्हा नदीकडं फिरकायला नको. दुसरं काम जास्त आवडीचं होतं, म्हणून ते आधी करायचं ठरवलं. विचारत विचारत त्याच्या वस्तीत गेलो. साडेपाच-सहा झाले असतील, ऊन होतं अजून. दार उघडंच होतं. वाटेत चिखल होता म्हणून वहाणा हातात घेतल्या होत्या. हाक मारणार, तेवढ्यात आतून माझाच आवाज आला.

"मास्तर, तुमचा डबा उचला आन् चालायला लागा."

हुबेहूब माझा. घोगरा, शेवटी खोकल्यासकट. आणि त्यावर कुणीतरी खळखळून हसलं.

मी डोकावलो. भिंतीला टेकून मास्तर बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक मुलगी. चेहऱ्यानं वीस वर्षांची, अंगानं दहाची. हातपाय काटकीसारखे, मान त्याच्या दंडावर टाकलेली. तो तिला वरणभात कालवून भरवत होता. एक घास, मग माझा आवाज. मग दुसरा घास, मग तांबडीचं हंबरणं. मग नामदेवाच्या कुत्र्याचं भुंकणं. ती हसली की तोंड उघडायचं, की हा चटकन घास घालायचा. दिवसभराचा सगळा गाव तो तिला असा भरवत होता. सरपंचांचा भाऊ झाला, पारावरची पोरं झाली. मला पुन्हा घेतलं. मी तिचा लाडका असणार, कारण माझ्या खोकल्याला ती सगळ्यात जास्त हसली.

मी तिथं उभ्या उभ्या खोकलो. खरंच खोकला आला म्हणून. मग त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं, आपल्या बापाकडं बघितलं, आणि तिला असं काही हसू आलं की भात बाहेर आला.

मास्तराची बायको आतून आली. पाट दिला, चहा ठेवला. मी बोलायला आलो होतो ते कुठं सुरू करावं कळेना, म्हणून विचारलं, मुलीचं नाव काय.

"प्रज्ञा," ती म्हणली. "उठता-बसता येत न्हाई. बोलत न्हाई. समजतं का कुणाला ठावं, पण ह्यांची गाडी वाजली की वळखती. दुसऱ्या कुणाच्या हातचं रातचं जेवत न्हाई." मग चहा गाळता गाळता सहज म्हणली, "हिच्या आधी दोन गेली. ह्ये माझ्या आत्याचं पोरगं. मी ह्यांच्या मामाची."

मास्तर मुलीचं तोंड पुसत होता. त्यानं वर बघितलं नाही.

स्टँडपर्यंत तो मला सोडायला आला. मी मुद्दाम म्हणलं, "घरात एवढं हाय, आन् लोकांच्या सोयरिकी मोडत फिरता. आधीच सांगायचं हुतं."

"सांगितलं असतं तर लोक बघाय आले असते तिला. दाखला म्हणून." मग म्हणला, "आबा, तुमच्या पोरांचं मी इचारलं, चुकलंच. आन् त्याच्यामुळंच गेली असं मला सांगताबी यायचं न्हाई. तापानं जात्यात, कशानंबी जात्यात. सगळ्या मामाच्या पोरींची पोरं अशी निघत न्हाईत. किती घरं धडधाकट हायती. पण तुमच्यात गाठीवर गाठ हाय, म्हणून भ्या वाटलं."

"मग मोडू का नको?"

मग तो थांबला.

"मला इचारू नका. दुसऱ्याचं सांगताना पेन्सिल चालती माझी. घरी आलो की थांबती. मला तवा कुणी अडवलं असतं, तर म्या आईकलं असतं. आन् आईकलं असतं, तर ही आली नसती. आता ती आली नसती तर बरं झालं असतं, असं म्हणायचं का म्या? सांगा की. वीस वर्सं ह्ये गणित मांडतोय, सुटत न्हाई."

मलाही सुटलं नाही. मी तिसरी शिकलेला. एसटी आली, मी बसलो. पत्रिकेचा कागद खिशात तसाच होता.

गाडीत मी हिराशी बोललो. मनातल्या मनात, शेजारी एक बिहारी पोरगा झोपला होता. म्हणलं, तुला शब्द दिलाय आणि तो मी मोडणार आहे. तू असतीस तर भांडली असतीस, मी ऐकून घेतलं असतं. पण मारुतीला तू दीड वर्ष मांडीवर घेऊन बसलीस, मी बाहेर मेंढरांत होतो. मास्तर बसतो तसा मी कधी बसलो नाही. आता रंजनाला बसावं लागलं, तर मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जेवायला बसू? गेल्यापासून हिरा ऐकूनच घेते, हे मला अजून सवयीचं झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडं गेलो. नामदेव ओट्यावर होता, येसू उंबऱ्यात. मी उभ्यानंच सांगितलं. नामदेव मला काय काय म्हणला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणला, "बहीण गेली आन् तिचा शब्दबी घालवला तुम्ही. एका डबेवाल्याचं आईकून."

"डबेवाल्याचं न्हाई," मी म्हणलं. "मारुतीचं आईकून."

येसू उंबऱ्यातूनच म्हणली, "दादा, ह्ये पंचवीस वर्सांमागं कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पहिल्याला मी नजर लागली म्हणत बसले. शेजारणीशी अजून बोलत न्हाई मी त्यापायी." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. नामदेव वर्षभर आमच्याकडं आला नाही.

ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्या दोघांना विचारायचं राहूनच गेलं होतं. किसनला सांगितलं तर म्हणला, "बरं झालं. लहानपणी ती मला ढेकळं मारायची." रंजना येसूला म्हणली म्हणे, नेम अजून तसाच हाय. नामदेवाचा राग उतरल्यावर तिचं लग्न इंदापूरकडं झालं, मीच पुढं होऊन केलं.

किसनला पाबळकडची मुलगी मिळाली. तिथल्या तंत्रशाळेत वेल्डिंग शिकलेली. मास्तरानं सात गावं पालथी घालून तिचं गणगोत काढलं. आठाच्या जागी आठ भरले, तेव्हा त्यानं ते पान मला तीन वेळा वाचून दाखवलं.

मी आमंत्रण द्यायला शिरूरला गेलो. म्हणलं, प्रज्ञाला घेऊन या.

"गर्दीत कुठं, आबा. लोक बघत बसत्यात."

"बघू द्या. माझ्या घरचं लगीन हाय. तिला मी वळखीचा हाय."

आले. टेंपोतून आले, मास्तर, त्याची बायको आणि मधे प्रज्ञा, निळं झबलं घातलेली. मी मांडवात पुढची जागा धरून ठेवली होती. लोकांनी बघितलं, मग अक्षता वाटायला सुरुवात झाली तशी आपापल्या अक्षतांकडं बघायला लागले. मास्तरानं अक्षतांची थोडी ज्वारी तिच्या मुठीत दिली आणि मूठ मिटवली. मिटलेली मूठ तिला उघडता येत नाही, हे त्याला माहीत होतं, पण दिली.

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे अक्षता टाकत होते. मास्तर तिचं एकेक बोट उलगडत होता. एक उघडलं की आधीचं मिटायचं. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, घाई न करता, तिच्या कानाशी काहीतरी बोलत. शेवटचं सावधान झालं. बँड वाजला. अंतरपाट निघाला, हार पडले, माणसं पंगतीला पळायला लागली. भटजींनी पुस्तक मिटलं. किसन आणि नवरी पाटावरून उतरायला निघाली.

मी त्यांना हात केला. म्हणलं, "थांबा जरा. अजून एकीच्या अक्षता राहिल्यात."

बँडवाल्यांना गप केलं. नवरी समजली. तीच पाटावरून उतरली आणि प्रज्ञासमोर येऊन डोकं खाली करून उभी राहिली, किसन तिच्या शेजारी. आम्ही सगळे थांबलो. मास्तर बोटं उलगडत होता.

बऱ्याच वेळानं मूठ उघडली. चार दाणे नवरीच्या केसांत पडले, बाकी सगळे मास्तराच्या मांडीवर.

मग मी म्हणलं, आता जेवायला बसा.